मिशीची जागा

आमच्या चोपडीत पहिली नोंद रावणाची आहे :
'मिशा नग दहा, केस पाऊण शेर,
मजुरी एका तोंडाची.'
अक्षर कंपनीच्या मुनीमाचं. खाली
दौलत म्हादू बिडवे यांचा अंगठा,
शाईत नव्हे, पिवळ्या रंगात उठलेला.

तोवर आमचं घराणं गंगेवरचं.
रामकुंडाच्या पायरीवर वस्तरा, वाटी, तुरटी.
कोण गेलं, एवढं विचारायचं
आणि डोकं पुढ्यात घ्यायचं.
मग गंगापूरच्या वाटेवर एका आमराईत
कुणी मांजरपाटाचं छत ताणून सिनेमा काढायला लागलं
(ऊन हवं होतं त्यांना, पण गाळलेलं).
त्यांना ऋषी लागले. ऋषींना दाढ्या.
नाशकात केसांना काय तोटा!

पणजी, सगुणाबाई, ते केस रिठ्याने सात पाण्यांतून काढायची.
शेजारीण म्हणाली, मेलेल्यांच्या नावाचे गं ते, घरात कशाला?
ती म्हणाली, मेलेल्यांचे कुठले,
मागं राहिलेल्यांचे आहेत.
आणि जाळीला एकेक केस गाठवत राहिली,
दिवसाला एक भुवई.

रंगाचं मात्र कुणी शिकवलं नव्हतं.
पहिल्यांदा राम निळा रंगवला, अगदी झकास,
तर पडद्यावर पीठ फासल्यासारखा आला.
सीतेचे लाल ओठ
काजळ खाल्ल्यासारखे काळे.
त्या फिल्मला लाल कळत नाही
हे कळेपर्यंत तीन रिळं वाया गेली.
मग दौलतने रामाला गेरू फासला,
सीतेला हरताळाचं पिवळं, ओठांनासुद्धा पिवळंच.
छताखाली सगळे कावीळ झालेले,
पडद्यावर देव.
धाकट्या काशीनाथाची आधी नखं गेली, मग भूक.
हरताळ खलायचं काम त्याचं होतं.
चोपडीत याची नोंद नाही.

सीता म्हणजे दत्तू गवंडे, तांबट आळीतला,
सतरा वर्षांचा. आवाज फुटला होता,
पण आवाज कुणाला हवा होता?
मिशी तेवढी काढू देईना.
बाप जिवंत असताना मिशी काढतात का!
दौलत रोज सकाळी ती साबणाने बसवायचा,
वर लेप, लेपावर भुकटी.
दुपारच्या उन्हात लेप तडकायचा
आणि अशोकवनात सीतेला हळूहळू मिशी फुटायची.
अख्खी कंपनी हसायची. दत्तूही.

मग माघात तो आलाच नाही काही दिवस.
आणि एका सकाळी रामकुंडावर
दौलतच्या पुढ्यात एक डोकं येऊन बसलं.
वस्तरा परजत, वर न बघता, त्याने विचारलं,
कोण गेलं?
दत्तू म्हणाला,
आता लेप नको लागायचा, काका.

सुतक फिटल्यावर अग्निपरीक्षेचा प्रवेश घेतला म्हणे.
सगुणाबाईचा टोप त्या तुळतुळीत डोक्यावर
पहिल्यांदाच नीट बसला.
कुणी हसलं नाही.

मी तो सिनेमा पाहिलेला नाही.
रिळं चांदीसाठी वितळवली म्हणतात,
कुणी म्हणतं, एका उन्हाळ्यात आपोआप पेटली.
आमच्याकडे चोपडी आहे
आणि एक पितळी डबी, घट्ट बसलेल्या झाकणाची.

गेल्या महिन्यात वडील गेले.
रामकुंडावर एक अनोळखी पोरगा, हातात बॅटरीचं मशीन.
'मिशीपण ना, काका?'
हो म्हटलं.
केस महापालिकेच्या निळ्या ड्रममध्ये गेले.
आरसा नव्हता त्याच्याकडे, त्याने मोबाइलचा
कॅमेरा फिरवून पुढे धरला :
ओठावरची तेवढी पट्टी
बाकीच्या चेहऱ्याहून फिकी,
जशी कुणा दुसऱ्याची आणून चिकटवलेली.

दौलतने काही न विचारता
डबीत बोट बुडवलं असतं.